गळ्यातली वच्छला

ललिताला आमच्या वस्तीत कुणी नावानं ओळखत नसे. "वच्छलेच्या जागेवरची" म्हणत. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिचं हेच नाव पडलं, आणि तिनंही ते अंगाला लावून घेतलं. पाण्याच्या नळावर कुणी विचारलं, "कोण वं तू?" तर स्वतःच म्हणायची, "मी देवमनच्या घरची. वच्छलेच्या जागेवरची." मला त्याचा राग यायचा. पण मला कशाचाही राग येतो, असं वस्तीतले लोक म्हणतात, तेव्हा ते सोडा.

देवमन अकोल्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. दिवसभर कापसाच्या धुरळ्यात उभा राहायचा आणि संध्याकाळी भुवया पांढऱ्या करून घरी यायचा. स्वभावानं मऊ माणूस. त्याची पहिली बायको वच्छला तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. वर्ष सरलं नाही तोच लोक त्याच्या मागं लागले. पुरुष एकटा राहिला की आमच्या लोकांना त्याच्या जेवणाची काळजी लागते, आणि बाई एकटी राहिली की तिच्या चालचलणुकीची. मी विधवा झाले, शिकले आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले, त्यामुळे या दुसऱ्या काळजीचा मला पुरेपूर अनुभव आहे. देवमनच्या आणि माझ्या घराची भिंत एकच होती. पलीकडं फोडणी पडली की इकडं मला शिंक यायची. म्हणून हे सगळं मला ठाऊक.

देवमनसाठी ललिताला शोधून आणली ती वच्छलेच्या आईनं. गोदाबाई तिचं नाव. बार्शीटाकळीला राहायची, शेतमजुरी करायची, उंचीनं ठेंगणी आणि आवाजानं भारी. लेक गेली तरी जावई आपलाच, त्याच्या घरात येईल ती आपल्या पसंतीची येईल, असा तिचा खाक्या. कुणीतरी सांगितलं, हिवरखेडला एक पोरगी आहे, आईबाप लहानपणीच गेले, काकाकडं राबते. गोदाबाई स्वतः जाऊन पाहून आली. आल्यावर देवमनला म्हणाली, "पोरगी चांगली हाये. तिले माय नाही आन मले लेक नाही. आता तुले पसंत नसली तरी मले हाये." देवमननं मान डोलावली. बिचाऱ्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच.

लग्नाच्या दिवशी गोदाबाईनं आपल्या हातानं ललिताच्या गळ्यात टाक बांधला. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलगी दुसरेपणावर दिली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायचा. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाई, दोन्ही हात खाली सोडलेले. पहिलीचा जीव त्यात राहतो म्हणायचे. जेवायला बसलं की आधी तिच्या नावाचा घास काढायचा, नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. नाही तर ती दुसरीच्या संसाराला दृष्ट लावते. भीतीपोटी निघालेली रीत होती ती. पण गोदाबाईनं टाक घडवला तो भीतीपोटी नव्हे. वच्छलेचा फोटो कुणी काढला नव्हता. आमच्यात तेव्हा फोटो कुणाचे निघायचे? लेकीचं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच.

कपाशीचा वेचा उरकला की दर वर्षी गोदाबाई छोट्या गाडीनं अकोल्याला यायची आणि चार दिवस राहायची. आल्या आल्या पाणी प्यायची आणि चिंच मागायची. ललिता गळ्यातला टाक काढून तिच्या हातात द्यायची. मग दारात बसून ती म्हातारी चिंचेनं तो घासत राहायची आणि त्याच्याशी बोलायची. "काय वं वच्छे, बरी हायेस ना? ऊन लागते का?" टाक लख्ख झाला की पुन्हा ललिताच्या गळ्यात बांधायची, आणि त्याच हातानं तिच्या डोक्याला तेल लावायला घ्यायची. घासून घासून टाकावरच्या बाईचं नाकडोळे पार गुळगुळीत झाले होते. मी एकदा म्हटलं, "गोदाबाई, घासून घासून लेकीचं नाकच घालवलंत तुम्ही." तर हसून म्हणते कशी, "तसंबी चापटच होतं, बाई. बापावर गेली होती."

ललिताला हे सगळं फार सुखाचं होतं. तिला माहेर ते एवढंच. तिची पहिली लेक शालू झाली तीही बार्शीटाकळीला, गोदाबाईच्या हातावर. पहिल्या बाळंतपणाहून ललिता परत आली तेव्हा गालावर गाल चढले होते. दाराशी उभी राहून मला सांगत होती, "बाई, मायनं मले उठूच देलं नाही. लहानपणी कोणी अशी निजू देली असती तं मी आजून उंच झाली असतो." ती ठेंगणीच होती, गोदाबाईसारखी. अनोळखी माणसाला दोघी मायलेकी वाटायच्या.

पण माणसाच्या मनात एकच गोष्ट कधी नसते. एकदा नळावर आम्ही दोघीच होतो. हंडा भरता भरता ती म्हणाली, "बाई, घास काढाचा तं आंधी तिचा. लुगडं आलं तं आंधी तिचं. हे बी कधी चुकून मले वच्छे म्हणून हाक मारतात. कधी कधी वाटते, घर तिचंच हाये, मी राखण करून राहिली." आणि लगेच जीभ चावली. मी म्हटलं, "बोललीस ते बरं केलंस." ती म्हणाली, "नाही बाई, पाप लागन." आणि हंडा अर्धा भरलेलाच उचलून गेली.

मग छप्पन साल आलं. त्या दसऱ्याला आमची निम्मी वस्ती दीक्षा घ्यायला नागपूरला गेली. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण कुणी कुरकुरलं नाही. पांढरी लुगडी नेसून आम्ही गेलो आणि माणूस होऊन परत आलो. परत आल्यावर वस्तीनं ठरवलं, घरात एकही देव ठेवायचा नाही. खंडोबा, मरीआई, म्हसोबा, पितरांचे टाक, सगळं टोपल्यांत भरलं आणि आम्ही मोर्णा नदीवर गेलो. माझ्या सासूचे देव मी माझ्या हातानं पाण्यात सोडले आणि मागं वळून पाहिलं नाही. मला त्याचा आजही पस्तावा नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाही तर लोक पुढच्या गोष्टीचा भलताच अर्थ काढायचे.

ललिता माझ्या शेजारीच पाण्यात उभी होती. टोपलं रिकामं झालं. देवमनचं लक्ष तिच्या गळ्याकडं गेलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "तो राहू दे वं."

"काहून?" ललिता म्हणाली.

"बुढीसाठी राहू दे. तिच्या लेकीचं तेवढंच हाये."

"बुढीसाठी का तुमच्यासाठी?"

देवमन गप्प झाला. खरं तर तो बुढीसाठीच बोलत होता, असं मला वाटतं. पण तो गप्प झाला आणि तिथंच घोटाळा झाला. ललिताचा चेहरा लाल झाला. "प्रतिज्ञा मी एकलीनंच घेतल्या का?" असं म्हणाली, गळ्यातला दोरा हिसडून तोडला आणि टाक भिरकावून दिला. दूर, मधल्या धारेत. काठावर लोक जयजयकार करत होते. ललिता हसत होती. शाळा सुटल्यावर पोरी हसतात तशी. इतकी मोकळी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

हसू फार दिवस टिकलं नाही. ताटावर बसली की घास काढायला तिचा हात जायचा आणि मधेच थांबायचा. मग तो हात गळ्याकडं जायचा. थंडी सरत आली, वेचे उरकले, आणि बार्शीटाकळीहून आलेल्या कुणाजवळ गोदाबाईनं निरोप धाडला, येत्या आठवड्यात येते म्हणून. त्या दुपारी ललिता माझ्याकडं आली. मुठीत काहीतरी होतं. मूठ उघडली तर टाक.

मी म्हटलं, "हा कुठून आला?"

"घडोला." खाली पाहून म्हणाली. "माह्या जोडव्याचा. सराफाजवळ गेली होती. थो म्हणे, तुमच्या लोकायनं तं सारे देव नदीत टाकले ना? म्या म्हटलं, म्हातारी सासू हाये घरी, तिले नाही समजत."

सासू तर तिला नव्हतीच. मी कपाळाला हात लावला. "अगं, सांगून टाक ना म्हातारीला. तिनंही दीक्षा घेतलीय म्हणतात. ती काय खाणार आहे तुला?"

"बाई, तुमाले माय हाये. मले नव्हती. मले जे माय भेटली ते या टाकाच्या पायी भेटली. आता टाकच नाही तं माय कायची?"

"मग हरवला म्हणून सांग."

"हरोला असता तं सांगतलं असतं. म्या फेकला. हे नोको म्हणत होते तरी फेकला. हासत फेकला, बाई. तुमी पायलं ना?"

मी पाहिलं तर होतंच. ती घरी गेली, आणि भिंतीपलीकडून राखेनं चांदी घासल्याचा आवाज येत राहिला. नव्याचा जुना करत होती. तिला वाटलं, चांदी काळवंडली की झालं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण या चोराला नेमकं पाहायचं तेच दिसलं नाही.

गोदाबाई आली ती पांढरं लुगडं नेसून. वस्तीच्या तोंडापासून भेटेल त्याला खणखणीत "जय भीम" घालत आली. मला पाहून म्हणाली, "काय मास्तरीणबाई, आता तं आमी बी सुधारलो." मी हसले. तिच्याबरोबर मीही ललिताच्या घरात गेले. म्हातारी पाणी प्याली आणि तिनं चिंच मागितली नाही. मला ते लगेच जाणवलं. तिनं गाठोडं सोडलं, त्यातून नवं कोरं लुगडं काढलं, हिरवं, चांगल्या पोताचं. मजुरीच्या बाईला परवडण्यासारखं ते नव्हतं. ते तिनं सरळ ललिताच्या हातात ठेवलं. "नेस वं. आत्ताच नेसून ये. मले पाहू दे."

आणि ललितानं पदर बाजूला केला, टाक पुढं काढला, आणि लुगडं आधी त्याला लावलं.

हे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारीला खुश करावं, एवढाच तिचा हेतू. पण गोदाबाईचा हसरा चेहरा तिथल्या तिथं उतरला.

"हे आजून हाये?" तिनं विचारलं.

"हो माय." ललिता घाईघाईनं बोलू लागली. "वस्तीनं सारे टाकले. हे बी म्हणत होते टाक म्हणून. म्या म्हटलं, काईबी होवो, वच्छलाबाईले मी टाकणार नाही. माह्या मायनं बांधला हाये."

देवमन दारात उभा होता. आपल्यावर ढकललेलं खोटं त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं. गोदाबाईनं हात पुढं केला आणि टाक बोटांत धरला. तिचा अंगठा टाकावरून फिरला आणि वरच्या बाजूला थांबला. नव्या टाकावरच्या बाईला चांगलं धारदार नाक होतं. ते माझ्या लक्षात आलं. ललिता मात्र म्हातारीच्या तोंडाकडं पाहत होती, तिच्या अंगठ्याकडं नाही.

"बरं केलं," गोदाबाई म्हणाली.

"चिंच आणू, माय?"

"राहू दे. आज नाही."

ती जेवली. शालूला मांडीवर घेतलं. दुपार कलल्यावर म्हणाली, "जातो मी. संध्याकाळच्या गाडीनं." चार दिवस राहायला आलेली बाई. ललिता म्हणाली, "राह्य ना वं माय." म्हातारी म्हणाली, "काम हाये." जाताना तिनं ललिताच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग निघून गेली.

ती वळणावर दिसेनाशी होताच मी ललिताला म्हटलं, "तिला कळलंय. पळ, स्टेशनावर गाठ तिला."

"नाही कळलं, बाई. बरं केलं म्हणे ना थे." ललिता चक्क सुटल्यासारखी दिसत होती. "पटलं तिले."

"तिचा अंगठा नाकावर थांबला, मी पाहिलं."

"तुमाले सारंच दिसते," ती फणकाऱ्यानं म्हणाली आणि आत गेली.

पुढल्या वर्षी वेचे उरकले. ललितानं डबीत जपलेला टाक काढून गळ्यात बांधला आणि रोज रस्त्याकडं डोळे लावून बसली. गोदाबाई आली नाही. दुसऱ्या बाळंतपणाला बार्शीटाकळीहून बोलावणं आलं नाही. ललितानं तरी निरोप कुठं धाडला होता? तिला कळून चुकलं होतं, पण कळलंय हे कबूल करायचं म्हणजे जाऊन समोर उभं राहायचं. मी तिला किती वेळा म्हटलं, चल, मी येते बरोबर. दर खेपेला नवं कारण. शालूला गोवर आलाय. यांची जिनातली पाळी बदललीय. आता पेरण्या आहेत, म्हातारी शेतात असेल. देवमन तर एकदा म्हणाला, "मीच जातो आन सांगतो, म्या फेकला म्हणून." तिनं त्याचा हात धरला. "तुमी नोका खोटं बोलू. एक खोटं पुरे हाये." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिची मूठ झाकलेली राहिली आणि तिच्यात काही उरलं नाही. तरी दर वर्षी वेचे उरकले की ती टाक काढायची, बांधायची आणि वाट पाहायची. आणि उन्हं तापली की परत डबीत ठेवायची. मला त्या डबीची चीड यायची. कधी वाटायचं, एक दिवस उचलून मीच नेऊन टाकावी मोर्णेत. पण परक्याच्या दुःखात आपला हात किती घालायचा, त्याला काही माप आहे.

त्रेसष्ट साली उन्हाळ्यात निरोप आला तो गोदाबाई गेल्याचा. तिचा पुतण्या श्रावण, ज्याच्या घरी ती राहायची, त्यानं माणूस धाडला होता. निरोप पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. पुण्यानुमोदनाच्या वंदनेला तरी जायला हवं होतं. देवमनला जिनातून सुटी मिळेना, म्हणून मी गेले बरोबर. खरं सांगायचं तर एकटी जायची तिची छाती नव्हती.

गाडीत बसल्यावर तिनं कनवटीची डबी काढली.

"आता कशाला?" मी म्हटलं. "आता कुणाला दाखवायचाय?"

"तिथी मले याच टाकानं ओळखतात, बाई. बिना टाकाची गेली तं म्हणतीन, म्हातारी गेली आन हिनं त्याच दिवशी काढून फेकला." तिनं बांधला आणि वरून पदर घेतला. गाठ मीच मारून दिली.

श्रावणच्या अंगणात बायका बसल्या होत्या. एक म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, "कोण वं हे? कोण लागते बुढीची?"

"वच्छलेच्या जागेवरची," ललिता म्हणाली. एवढ्या वर्षांनी, त्या अंगणातही तेच.

श्रावणची बायको दुर्गाबाई आम्हाला आत घेऊन गेली. तिनं पाणी दिलं. बोलायला फटकळ, पण डोळे रडून सुजलेले. ललिताकडं पाहून म्हणाली, "लय दिवसानं आल्या तुमी."

ललितानं पाण्याचा पेला हातात घेतला.

"काकी तुमच्याकडं हिरवं लुगडं घेऊन आली होती ते आठवते का? दीक्षेच्या वर्सी?"

ललितानं मान डोलावली.

"जाताना मले म्हणे, 'दुर्गे, आपण सारं टाकलं, पण थे पोरगी आजून माह्या मेलेल्या लेकीले गळ्यात घेऊन फिरून राहिली असन. माह्यासाठी ठेवला असन तिनं. जातो आन काढाले लावतो. सांगतो तिले, बाई, तू कोणाच्या जागेवरची नाही. तुह्यी जागा तुह्यी. हे लुगडं कोणाले लावू नोको, आपलं नेस.' लय खुशीत गेली होती. चार दिवस राहीन म्हणे. आन त्याच रात्री वापस."

ललिताचा पाण्याचा पेला हातातच राहिला. मीच विचारलं, "परत आल्यावर काय म्हणाल्या?"

"आंधी काईच नाही. मंग मी लय मागं लागली तवा बोलली. म्हणे, 'तिनं थो फेकला वं, दुर्गे. बरं झालं. फेकलाच पाहिजे होता. पण तिनं नवा घडोला. मले भेऊन घडोला. लेक असती तं म्हणली असती, माय, म्या फेकला, काय कराचं ते कर. रडली असती, भांडली असती. थे मले भेली. म्हणजे मी तिची माय झालीच नाही, सासूच राह्यली.'"

बाहेर कुणीतरी वंदना म्हणायला सुरुवात केली. दुर्गाबाईनं पदरानं नाक पुसलं.

"मी म्हटलं, काकी, तुमी पुन्हा जा, सांगा तिले. तं म्हणे, 'मी गेली की थे पुन्हा बांधन आन पुन्हा खोटं बोलन. काहून तिले तरास देऊ? तिच्या मनानं येऊ दे. येईन तवा रिकाम्या गळ्यानं येईन, मंग मी समजन माही लेक आली.' वाट पायली बापा तिनं. दुखणं आलं तवा मी म्हटलं, सांगावा धाडतो. तं नाही म्हणे. आपल्या मनानं आली पाहिजे."

बोलता बोलता दुर्गाबाईची नजर ललिताच्या गळ्याकडं गेली. पदर सरकला होता. तिनं दुसरीकडं पाहिलं आणि "चुलीवर आधण हाये" म्हणून उठून गेली. त्याबद्दल मी त्या बाईची आजही ऋणी आहे.

मला वाटलं होतं ललिता हंबरडा फोडेल. मला मोठ्यानं रडणाऱ्या बायका आवडत नाहीत, पण त्या वेळी ती मोठ्यानं रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. पदर नीट करून बाहेर गेली, बायकांत बसली, वंदनेला हात जोडले. सगळं उरकल्यावर आम्ही स्टेशनावर आलो.

गाडी सुटली. डब्यात आम्ही दोघी आणि लाकडाच्या मोळ्या घेऊन बसलेल्या दोघी-तिघी बायका. बाहेर नांगरून टाकलेली काळी वावरं होती. शेवटी मला राहवेना.

"ललिता," मी म्हटलं, "काढ आता तो. काढून टाक."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा कुठं तिचे डोळे भरून आले.

"आता काढून कोणाले दाखवू, बाई?"